बियाण्याचं पान

त्या पानावरची चूक मी केली, आणि ती करायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. हे आधीच सांगून टाकते. कारण पुढं या प्रकरणाच्या इतक्या कहाण्या झाल्या की कोणी सर्व्हरला नावं ठेवतं, कोणी लोडशेडिंगला, कोणी झेरॉक्सवाल्याला. अजूनही एखाद्या लग्नात जुनं माणूस भेटलं की विषय निघतो, आणि माझ्यादेखत मलाच वाचवायची धडपड सुरू होते. मला त्याचा राग येतो.

तेव्हा अमरावतीत एका टायपिंग क्लासच्या माडीवर आम्ही दर रविवारी जमायचो. क्लासचे सर साठी उलटलेले. टाइपरायटरांवर रेक्झिनची झाकणं आणि भिंतीकडेला चार कॉम्प्युटर, तेही इकडून तिकडून भाग गोळा करून उभे केलेले. फुकट मिळणारी, कोणीही उघडून पाहावी अशी सॉफ्टवेअरं त्यांच्यावर टाकायची, सीड्या करून वाटायच्या, इंटरनेटवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात ते कसे घालवायचे यावर डोकेफोड करायची, आणि मराठीचा कोणता की-बोर्ड खरा यावरून चहा गार होईस्तोवर भांडायचं, असा आमचा उद्योग. मी एका खासगी संस्थेत कॉम्प्युटर शिकवायचे. तोंडाची फटकळ. सर म्हणायचे, "मॅडम आल्या म्हंजे वायरस बी पयून जाते."

पेपर उघडायची भीती वाटावी असे ते दिवस होते. आमच्या जिल्ह्याचं नाव पहिल्या पानावर आलं की कशासाठी आलं ते वाचायची गरज नसे. एका रविवारी असंच फॉन्टवरून जुंपलेलं असताना सर एकदम चिडले. "बंद करा बाप्पा हे तुमचं! खाली शेतकरी मरून राहिले न् तुमी वेलांटीवर भांडून राहिले. लोकायच्या कामाचं काई लिवा ना!" आम्ही भांडण तिथंच सोडलं. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

त्यातून बियाण्याचं पान निघालं. इंटरनेटवरचं उघडं पान. कोणीही वाचावं, कोणीही लिहावं, चुकलं तर कोणीही सुधारावं. कोणत्या गावच्या कोणत्या दुकानातून सोयाबीनचं बियाणं घेतलं, पिशवीवरचा लॉट नंबर काय, उगवलं की नाही, एवढंच लिहायचं. बोगस बियाण्यानं तेव्हा नुसता धुमाकूळ घातला होता. पेरलं ते मातीतच कुजायचं आणि दुबार पेरणीला हातात काही नसायचं. शेतात नेट कुठून येणार? म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन कागदी फॉर्म भरून आणायचो आणि रविवारी टाइप करायचो. अकोल्याचा एक गडी होता, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान असलेला. सर्व्हर तोच सांभाळायचा. दर सोमवारी दुपारी तो त्या आठवड्याची नवी पानं तालुक्यातालुक्यातल्या झेरॉक्सवाल्यांना ई-मेलनं पाठवायचा. ते छापून भिंतीवर चिकटवायचे. वाचायला झुंबड उडायची. चांदूर बाजारला तर एकानं पानाला प्लॅस्टिक घातलं होतं.

दुकानदार अर्थातच आमच्यावर खार खाऊन होते. एकटे अंजनगाव सुर्जीचे चाचा सोडून. त्यांचं बियाण्याचं दुकान बाजाराच्या तोंडाशी, वडिलांपासूनचं. नवा लॉट आला की आधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे मोजून ठेवायचे, गुंडाळी दुकानाच्या पायरीवरच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. कोंब मोजल्याशिवाय पिशवी विकायची नाही. मी पहिल्यांदा फॉर्म घेऊन गेले तेव्हा त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "लिव बेटा. खुल्लमखुल्ला लिव. माह्या दुकानाचं पयले लिव." सगळे लॉट नंबर त्यांनी स्वतः वाचून दाखवले. तक्रार एकही नव्हती.

आता चूक कशी झाली ते. माडीवर अकराला लाइट जायची. म्हणून आमच्यात एक रीत पडली होती, आधी सेव्ह, मग सुधार. अर्धवट असलं तरी पान चढवून टाकायचं, लाइट आली की नीट करायचं. आपण नाही केलं तर दुसरा कोणीतरी करेल, उघड्या पानाचा फायदाच तो. शिवाय नवं पान कोऱ्यावरून कोणी लिहीत नसे. जवळचं जुनं पान उचलायचं, त्यात नावं बदलायची. चाचांच्या पानासाठी मी अंजनगावच्याच दुसऱ्या एका दुकानाचं पान उचललं, कारण गाव तेच, तालुका तोच, तेवढं टाइप करणं वाचलं. ते दुकान बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि त्याच्यावर लवकर पेरलेल्यांच्या तक्रारींची रांग होती. मी वरचं नाव बदललं, पत्ता बदलला, आणि घड्याळात पाहिलं तर अकराला दोन मिनिटं. सेव्ह केलं. लाइट गेली. सगळे उठून चहाला खाली उतरलो, चहावर पुन्हा भांडण झालं, आणि मी तशीच घरी गेले.

चाचांच्या नावाखाली दुसऱ्याच्या तक्रारी. लॉट नंबरांसकट.

सोमवारी संध्याकाळी आठवलं. संस्थेच्या लॅबमधून पान उघडलं. लगेच दुरुस्त केलं, खाली कारण लिहिलं, 'नजरचूक, तक्रारी या दुकानाच्या नव्हेत', आणि शेजारच्या मुलीला म्हटलं, बघ, उघड्या पानाची हीच तर मजा. चूक झाली, सुधारली, संपलं! अकोल्याहून दुपारीच पानं गेलेली असतात हे मला माहीत होतं. माहीत होतं आणि डोक्यातच आलं नाही. मूर्ख कुठली.

बाजाराच्या दिवशी सकाळी सरांचा फोन आला. "मॅडम, चाचाच्या दुकानाचं काय लिवलं तुमी? अंजनगावात गर्दी झाली म्हने. लोक पिशव्या वापस करून राहिले. शटरवर कागद चिकटवला तुमचा. कृषीचे साहेब दुपारी येनार हायेत, विक्री बंद करतीन." पेरणीच्या ऐन आठवड्यात विक्री बंद म्हणजे वर्षाचा धंदा गेलाच, पण त्याहून वाईट म्हणजे नाव गेलं. बोगस बियाणेवाला हा शिक्का त्या दिवसांत कपाळावर बसला की माणसाला गावात राहणं मुश्किल. लोक इतके पोळलेले होते की कोणाचा हात कधी उठेल याचा नेम नव्हता. कपाटातून चाचांचा मूळ फॉर्म काढला, पिशवीत टाकला आणि स्टँड गाठला. सर तिथं आधीच येऊन उभे होते.

गाडी परतवाड्यावरून जाणारी. प्रत्येक थांब्याला माणसं चढत होती, कोंबड्या चढत होत्या, कंडक्टर सुट्ट्यांवरून वाद घालत होता, आणि मला वाटत होतं उतरावं आणि धावत सुटावं. अकोल्याला फोन लावला. तो म्हणाला, "तुमी जाऊ नका. मी सांगतो सर्व्हरचा घोळ झाला म्हनून. गाडी काढतो न् आकोटकडून येतोच." मी फोन ठेवला तर सरही हळूच तेच बोलायला लागले.

"मॅडम, कम्प्युटरनं चुकवलं म्हना. लोक मानतात ते. तुमी केलं म्हनसान तर तो चाचा सुटन, पन आपलं पान मेलं. मंग ज्यायच्या तक्रारी खऱ्या हायेत ते दुकानदार नाचतीन."

"आणि मी खोटं बोलले तर पान जगेल का?"

"जगन ना. कोनाले काय कयते?"

सर चूक बोलत होते असंही नाही, हीच तर पंचाईत होती. सबंध रस्ता मी 'कॉम्प्युटरनं' आणि 'मी' हे दोन शब्द आलटून पालटून मनात म्हणून पाहत होते.

अंजनगावच्या बाजारात शिरलो तेव्हा दुकान दिसलंच नाही, नुसती माणसांची पाठ दिसली. ज्याच्या त्याच्या हातात आमच्या पानाची झेरॉक्स. शटर अर्धं खाली, त्यावर तोच कागद चार ठिकाणी. पायरीवर चाचा स्टुलावर बसलेले, टोपी मांडीवर. आत परत आलेल्या पिशव्यांचा ढीग. ते कोणाशी वाद घालत नव्हते. पिशवी आली की घ्यायची, पैसे द्यायचे, बिलाच्या पाठीवर नाव-गाव लिहायचं. पायरीवरची गोणपाटाची गुंडाळी कोणीतरी लाथेनं उडवली होती आणि कोंब आलेले दाणे मातीत पसरले होते.

मला पाहून ते उठायला लागले. "बस बेटा," म्हणाले, आणि स्टूल माझ्याकडे सरकवला. अहो, कोणत्या मातीचा माणूस म्हणायचा हा!

तेवढ्यात एक बाई पुढं आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, काखेत पिशवी. कागद माझ्या नाकासमोर धरला. "बाई, तुमी शिकेल दिसता. हे वाचा न् सांगा, खरं हाय का खोटं?"

"खोटं आहे."

"मंग लिवलं कोनं?"

सरांनी मागून माझ्या पिशवीचा बंद ओढला. मला तो ओढलेला कळला. आणि मी कॉलेजात शिकल्यापासून जी बोली बाहेर बोलायची टाळत आले होते ती आपसूक तोंडात आली.

"म्या लिवलं."

पुढची पाच मिनिटं मला सलग आठवत नाहीत. कोणीतरी ओरडलं, "चाचानं आता पैसे देल्ले काय तुले?" दुसरा म्हणाला, "कावून लिवलं व? दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन तुले काय भेटते?" मी ओरडून सांगत होते, पान सोमवारीच दुरुस्त केलं आहे. "दाखव!" झेरॉक्सवाल्याकडे वळले तर दुकानात अंधार. लाइट नव्हती. सगळ्या जगाला कुठूनही उघडता येणारं ते पान मला तिथं कोणालाच दाखवता येईना. मी चाचांचा मूळ फॉर्म काढला, तो एकानं हिसकावला, आणि ओढाताणीत त्याचे दोन तुकडे झाले. हात वर झालेले मी पाहिले. सर मध्ये आले नसते तर एखादी चपराक बसलीच असती, आणि मला ती बसायला हवी होती असं आजही वाटतं.

चाचा मग बोलले. मोठ्यानं नाही. "बेटा, त्या कागदावरचा नंबर वाच." मी झेरॉक्सवरचा लॉट नंबर वाचला. त्यांनी ढिगातली एक पिशवी उचलली आणि समोरच्या माणसाच्या हातात दिली. "आता तू याच्यावरचा वाच." त्यानं वाचला. वेगळा होता. "दुसरी घे. कोनती बी घे." पिशव्या हातोहात फिरायला लागल्या. नंबर मोठ्यानं वाचले जाऊ लागले, आणि एकही कागदाशी जुळेना. गोंगाट उतरत गेला. साहेब आले तोवर लोक सावलीला सरकले होते. साहेबांनी माझ्याकडून हातानं लिहून घेतलं, सही घेतली, दोन नमुने पाकिटात घातले आणि विक्री बंद करायची गरज नाही असं सांगून निघून गेले. चाचांनी टोपी डोक्यावर ठेवली. मी पायरीवरच बसले.

वाटलं, सुटलो.

त्या मघाच्या बाई तिथंच होत्या. "माहा बी नंबर वाचा," म्हणाल्या आणि काखेतली पिशवी पुढं केली. मी वाचला आणि हातातल्या झेरॉक्सकडे पाहिलं. तोच होता. आकडा न् आकडा तोच.

"ही कुठून घेतली तुम्ही?"

"तिकडून." त्यांनी बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे हात केला. "सकायी तुमचा कागद वाचला. चाचाची पिशवी वापस केली न् तिथून घेतली."

त्या दुकानाच्या तक्रारींचं पान दोन आठवड्यांपूर्वी भिंतीवर लागलं होतं, ते दुसऱ्याच दिवशी कोणीतरी फाडलं होतं, आणि आता त्याच तक्रारींनी चाचांच्या दारातली माणसं उचलून त्याच्या दारात नेऊन घातली होती. मी नेली होती. सर धावत गेले. त्या दुकानाला कुलूप होतं.

बाईंना त्यांची पहिली पिशवी चाचांनी ढिगातून शोधून दिली. मग बिलांची ती चळत उलटून माझ्यापुढं ठेवली. सकाळपासून पिशव्या परत केलेल्यांची नावं, गावं. "बेटा, तू आली, चांगलं केलं," ते म्हणाले. "पन ज्यायनं कागद वाचला ते सगळे थोडेच ऐकाले थांबले? हे चालले गेले. आजच पेरतीन. ओल हाय."

अकोल्याचा गडी तेवढ्यात पोचला होता. त्याच्या मोटरसायकलवर मी, चाचांच्या स्कूटरवर सर आणि स्वतः चाचा. गावं वाटून घेतली. काळ्या मातीतल्या पांदणीच्या वाटा, चिखलात रुतणारी चाकं, गावात शिरून विचारायचं, घर बंद, मग शेत विचारायचं, मग दुसरं शेत. काही जण तिकडं गेलेच नव्हते, काहींनी बियाणं घेतलं होतं पण पिशवी उघडली नव्हती. एकानं मूठ भरून पेरणीला सुरुवातच केली होती, त्याला आम्ही तिफण हाकतानाच थांबवलं. प्रत्येकाला सांगायचं, हे पेरू नका. प्रत्येक जण विचारायचा, सांगनारे तुमी कोन? आणि प्रत्येक वेळी मी तेच दोन शब्द म्हणायचे, म्या लिवलं.

शेवटच्या नावाचं शेत नाल्यापलीकडं होतं. पोचलो तेव्हा एक माणूस बैल सोडत होता. माझ्याच वयाचा असेल. पेरणीची तासं सरळ, एकसारखी, अगदी बांधापासून बांधापर्यंत. रिकामी पिशवी घडी करून कमरेला खोवलेली. मी ती मागितली, नंबर वाचला, आणि त्याला सगळं सांगितलं.

त्यानं बैलाचं दावं हातात गुंडाळलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. "पेरलं ना बाई," तो म्हणाला. "आता काय माती चाळू?"

आठव्या दिवशी मी एकटीच परत गेले. काहीच वर आलं नव्हतं. तासं तशीच होती, कोरी. मी दुबार पेरणीसाठी चाचांनी दिलेली पिशवी खाली ठेवली. त्यानं ती घेतली, मग म्हणाला, "कागद आनला का तुमचा? मंग भरा." आम्ही बांधावर बसलो. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं, दुकान सांगितलं, नंबर जुन्या रिकाम्या पिशवीवरून मी लिहिला. उगवलं का, या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. खाली एक रकाना होता, आम्हीच हौसेनं घातलेला, आजवर फारसा कोणी न भरलेला. हेच दुकान का निवडलं?

मी तो सोडून फॉर्म घडी घालायला लागले. त्यानं बोट ठेवून थांबवलं.

"हे बी लिवा ना. तुमचा कागद वाचून."

मी लिहिलं.